सासरे, खारी आणि बिडाचं पातेलं

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे जिल्ह्यात, खारींच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळांना सुट्टी असते. कोर्टात चिटपाखरू नसतं आणि न्हाव्याच्या दारावर पाटी लागते, 'खारींवर गेलोय, सोमवारी या'. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं जे हसं झालं ते किती लांब-रुंद होतं याचा अंदाज येईल. अशा गावात एका माणसाच्या परसात खारी दिवसाढवळ्या संसार थाटतात आणि तो माणूस केरसुणी घेऊन खालून "हुश्श, हुश्श" करतो, हे लोकांना किती गोड वाटत असेल! तो माणूस मी. ओविद फ्युसलिए, वय एकसष्ट, कोर्टात जमिनीच्या नोंदी ठेवतो.

झाड पिकनचं. अक्रोडाच्या जातीचंच, पण फळ लांबट आणि चवीला गोड. आमच्या गल्लीत एवढं मोठं झाड दुसरं नाही. फळं हिरवी असतात तेव्हापासूनच खारी कामाला लागतात. एक फळ तोडायचं, दोनदा कुरतडायचं आणि उरलेलं माझ्या टकलावर सोडायचं. लोक एरवी खारीचा वाटा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी इवलंसं असतं. आमच्या झाडाच्या बाबतीत खारीचा वाटा म्हणजे सगळंच, आणि माझ्या वाट्याला टरफलं.

तरी झाडाचं दुःख मी गिळलं असतं. गिळायची मला सवय आहे. प्रश्न आला तो माझ्या सासऱ्यांचा.

पापा थेओजेन सत्त्याऐंशी वर्षांचे. माझी सासू फेब्रुवारीत गेली आणि व्हर्नाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना आमच्याकडे आणलं. तेव्हापासून ते मागच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे, झाडाकडे बघायचे आणि जेवायचे नाहीत. भांडण नाही, तक्रार नाही. ताट समोर आलं की दोन घास घेऊन म्हणायचे, "चांगलंय," आणि चमचा खाली ठेवायचे. अंगावरचा सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायला लागला होता. सप्टेंबरात डॉक्टरांनी व्हर्नाला बाजूला घेऊन सांगितलं, "ऑक्टोबरच्या शेवटी परत आणा. वजन आणखी उतरलं तर शुश्रूषागृहात ठेवावं लागेल, नळीने अन्न द्यावं लागेल." घरी आल्यावर व्हर्नाने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि नळ सोडला. ती रडते तेव्हा नळ सोडते.

त्याच संध्याकाळी तिने वडिलांसमोर खुर्ची ओढली. "पापा, तुम्हाला काय खावंसं वाटतं ते सांगा. चंद्रावरचं असलं तरी आणते."

पापांनी झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "खार. रस्सा आणि भात."

"एवढंच ना!"

"पण या झाडावरची. पिकन खाल्लेली. दुसरी नको."

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण इतक्या आशेने तिने माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही. आणि मला घाम फुटला. कारण गावात सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणी तोंडावर न बोलणारी गोष्ट अशी, की ओविद फ्युसलिएला बंदूक चालवता येत नाही. बावीस वर्षं मी दर हंगामात शिकारीच्या कॅम्पवर जातो ते स्वयंपाकी म्हणून. आता स्वयंपाकी मात्र मी असा, की शेजारच्या कॅम्पवरची माणसं वास घेत ताटली घेऊन येतात. नेमाच्या बाबतीत देवाने हात आखडता घेतला तो रश्श्यात सढळ सोडला, असं मी स्वतःला समजावत आलो आहे.

डावीकडचा शेजारी हॅडली व्हिड्रीन. तेलाच्या विहिरींवरून निवृत्त झालेला, त्यामुळे दिवसभर कुंपणावर कोपर टेकून सल्ले द्यायला मोकळा. त्याला मी प्रश्न सांगितला.

"साप," हॅडली म्हणाला.

"काय साप?"

"अरे, तुझ्या खारी शेंड्यावर बसतात. तू जमिनीवर. मधे चाळीस फूट हवा. कोणीतरी वरून त्यांना खाली हाकलायला नको? साप वर चढेल, खारी खाली उतरतील, खाली तू जाळं घेऊन. वरून तो, खालून तू."

युद्धशास्त्राच्या दृष्टीने मला यात खोट दिसेना. दुसऱ्या दिवशी हॅडलीने तांदळाच्या गोणीतून पाच फुटी काळा साप आणला. बिनविषारी असतो तो. आमच्याकडे त्याला कोंबड्यांचा साप म्हणतात. या नावावर मी तेव्हाच थांबून थोडा विचार करायला हवा होता.

गोणी झाडाच्या बुंध्याशी उघडली. मी मासे धरायचं जाळं घेऊन तयारीत उभा. सापाने झाडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि आम्हा दोघांमध्ये काही अर्थ नाही असं ठरवून तो कुंपणाखालून उजवीकडे निघून गेला. उजवीकडे तांत ओझित राहतात. तांत म्हणजे मावशी. त्या माझ्या कोणी लागत नाहीत, पण साऱ्या गल्लीच्या मावशी आहेत. रोज सकाळी चर्चला जातात आणि बारा कोंबड्या पाळतात.

पंधरा मिनिटांनी तांत ओझित कुंपणाशी आल्या.

"ओविद, तुझा साप माझ्या खुराड्यात आहे."

"तांत, माझा कशावरून?"

"हॅडली हसतोय त्यावरून. चार अंडी गिळली मेल्याने. ते जाऊ दे. पाचवं चिनी मातीचं होतं."

कोंबड्यांनी अंडी घालावीत म्हणून घरट्यात चिनी मातीचं अंडं ठेवतात. हे तांत ओझितच्या आजीचं होतं. आजीने आईला दिलेलं, आईने यांना. तीन पिढ्यांच्या कोंबड्यांना त्याने फसवलं होतं, आता सापालाही फसवलं. मी पळत गेलो तोवर साप पोटात टेंगूळ घेऊन त्यांच्या घराखाली शिरला होता.

"मला माझं अंडं हवंय," तांत म्हणाल्या. "साप काय वाटेल ते कर. अंडं हवंय." त्या दिवसापासून त्या रोज कुंपणावरून फक्त एवढंच विचारायच्या, "दिसला?"

मग मी ठरवलं की आता जे करायचं ते कायद्याने. कोर्टातला माणूस आहे, कागदावर माझा विश्वास आहे. गावात बंदूक चालवायला मनाई, म्हणून मी परवान्यासाठी कचेरीत गेलो. मी मारणार नव्हतो, हॅडली मारणार होता. पण परवाना घरमालकाला लागतो. खिडकीपलीकडे चष्मा साखळीला अडकवलेल्या एक बाई होत्या.

"खारींचा त्रास होतो, की खार खायचीय?"

"दोन्ही."

"दोन्हीला रकाना नाही." त्यांनी दोन वेगळे कागद काढले. "त्रास असेल तर हा. परसात मारता येते, पण खायची नाही. दोन फूट खोल पुरायची. खायची असेल तर हा. पण मग ती शिकार झाली, आणि शिकार गावाबाहेर."

"पण मला परसातलीच खायचीय."

"का?"

मी त्यांना पापांचं सांगितलं. सगळं सांगितलं, वजनाचं, नळीचं. बाईंनी चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं हो." मग चष्मा परत लावला. "तुम्ही एक करू शकता. खारीला गावाबाहेर न्यायचं आणि तिथे मारायचं."

"त्यासाठी आधी ती जिवंत धरावी लागेल."

"त्याला वेगळा परवाना लागतो," बाई म्हणाल्या. "जिवंत वन्य प्राण्याच्या वाहतुकीचा."

असा आमचा सप्टेंबर संपला. पापांचा पट्टा आणखी एक भोक आत गेला होता. भोकं संपली तेव्हा मी खिळ्याने नवीन पाडून दिलं.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार, म्हणजे हंगामाचा पहिला दिवस, आला. मी विचार केला, खार ती खार. जंगलातली मारून आणावी, पापांना कोण सांगतंय कुठली ते! तसं कॅम्पवरच्या कोणीही मला ती दिली असती. पण व्हर्नाची ती नजर डोक्यातून जाईना. म्हटलं, या वेळी मारीन तर मीच.

आमच्या कॅम्पवर एक रीत आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचं शेपूट, म्हणजे खालचा घोळ, कापून भिंतीवर टांगायचं, खाली नाव लिहून. बावीस वर्षांत माझं शेपूट भिंतीवर नव्हतं, कारण जो बार काढत नाही त्याचा नेम चुकत नाही. त्या सकाळी मी हॅडलीची बंदूक घेऊन ओकच्या झाडाखाली बसलो. पहिल्या बाराला मागचं शेपूट गेलं. दुसऱ्याला पुढचं. तिसऱ्या बाराला कॅम्पची कॉफीची किटली गेली, तिच्याबद्दल डावी बाही. चौथा बार झाला तेव्हा खार जागची हलली नाही, उलट वाकून खाली बघू लागली. दुपारी मी जेवायला बसलो तेव्हा अंगात जे उरलं होतं त्याला सदरा म्हणणं शिंप्याचा अपमान झाला असता.

"ओविद," हॅडली डोळे पुसत म्हणाला, "तू बंदुकीपेक्षा केरसुणीने बरा होतास रे."

हसून हसून सगळे दमले. पण जाताना प्रत्येकाने काही न बोलता माझ्या पेटीत एकेक, दोन-दोन खारी टाकल्या. सोललेल्या, धुतलेल्या. आठ झाल्या. माणसं चांगली आहेत आमच्याकडची, फक्त त्यांना आधी पोटभर हसू द्यावं लागतं.

रविवारी मी जीव ओतून रस्सा केला. बिडाचं पातेलं, थोडं तेल, मांस टाकायचं आणि हात लावायचा नाही. तळाला लागू द्यायचं. लागलं की घोटभर पाणी मारून खरवडायचं, परत लागू द्यायचं. तांबूस, मग तपकिरी, मग कॉफीसारखं. त्याच्या पुढच्या क्षणाला करपतं, आणि तो क्षण ओळखणं हीच सगळी विद्या. मग कांदा, ढोबळी मिरची, लसूण. दीड तासाने हाडापासून मांस सुटलं. व्हर्नाने ताट नेलं. मी दाराआडून बघत होतो.

पापांनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. "चांगलंय," म्हणाले. "पण ही आपल्या झाडावरची नाही. हिने ओकची फळं खाल्लीत."

आणि चमचा खाली.

व्हर्ना आत आली आणि तिने नळ सोडला. मी तिच्या मागे उभा राहिलो. खांद्यावर हात ठेवावा की नाही हेही मला कळेना. "मी नीट केलं होतं गं," मी म्हणालो. ती म्हणाली, "माहीत आहे. तू नेहमीच नीट करतोस." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

चार खारी उरल्या होत्या. मंगळवारी मी रजा काढली. व्हर्ना कामावर गेली होती. दोन खारी पातेल्यात टाकल्या, त्या कॉफीच्या रंगाशी आल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी कुंपणापलीकडून किंकाळी आली.

"ओविद! दिसला! माझं अंडं चाललंय!"

मी कलथा घेऊनच धावलो. साप घराखालून निघून फुलझाडांकडे चालला होता, टेंगूळ अजून पोटातच. तांत ओझितनी शेपटी धरली होती आणि माझ्याकडे तोंडाची बाजू राखून ठेवली होती. पुढची दहा मिनिटं काय झालं त्याचं वर्णन करायला मला लाज वाटते. एवढंच सांगतो की तांत ओझित सापाच्या पोटावरून हलक्या हाताने टेंगूळ पुढे सरकवत होत्या, मोठ्याने प्रार्थना म्हणत होत्या, हॅडली कुंपणावरून सूचना देत होता आणि मी सापाच्या डोळ्यांत बघत होतो. आम्हा दोघांनाही तिथे असायचं नव्हतं. शेवटी अंडं बाहेर पडलं. एक टवका उडाला नव्हता. साप मोकळा होऊन असा पळाला की वळूनही पाहिलं नाही.

तेव्हा मला वास आला.

मी धावत घरी आलो. स्वयंपाकघरात निळा धूर. आणि धुरात, शेगडीपुढे, काठीवर वाकून पापा थेओजेन उभे. आठ महिन्यांत ते ओसरी आणि खाट यांच्यापलीकडे आपणहून गेले नव्हते.

"हे काय आहे?" त्यांनी काठीने पातेल्याकडे दाखवलं.

"रस्सा, पापा."

"रस्सा? याला रस्सा म्हणतात? डांबर आहे हे! रस्ता करायला घे! बावीस वर्षं कॅम्पवर लोकांना हे घालतोस? जिवंत कसे राहिले ते?"

"मी जरा बाहेर गेलो होतो, सापाचं..."

"मांस लागलेलं असताना बाहेर जातो! माझी अझेली असती तर तिने हे पातेलं तुझ्या डोक्यात घातलं असतं." सासूचं नाव त्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा घेतलं. "दुसरं पातेलं काढ. आहे का मांस? की तेही जाळलंस?"

"दोन आहेत."

"स्टूल दे. कांदा चीर. एवढा बारीक नाही! बाळाला भरवायचाय का?"

मी चिरत होतो, ते रागावत होते. स्टुलावर बसून त्यांनी मांस परतलं, पाणी मारलं, खरवडलं. दर दोन मिनिटांनी चमचा बुडवायचा आणि तोंडात घालायचा. मीठ बघायला एक. तिखट बघायला एक. मीठ परत बघायला एक. "भात झाला का बघू," म्हणून भाताचे तीन घास, वर रस्सा. मी कांदा चिरत राहिलो, कांद्याची गरज नव्हती तरी. व्हर्ना दारात आली तेव्हा तिचे वडील बोटाने पातेल्याची कड पुसून चाटत होते. तिने पर्स जमिनीवर ठेवली आणि मी ओठांवर बोट ठेवलं.

मग ते ताट घेऊन रीतसर जेवायला बसले. दोनदा वाढून घेतलं. मी न राहवून म्हणालो, "पापा, ही तर झाडावरची नाही."

"झाडावरची तुझ्याकडून जन्मात मरणार नाही," पापा म्हणाले. "माहीत होतं म्हणून तर मागितली. म्हटलं, तोवर तरी कोणी ताट घेऊन मागे लागणार नाही." आणि हाड चोखलं.

बुधवारी मी हरखून कोंबडीचा उत्तम रस्सा केला. पापांनी दोन चमचे घेतले. "चांगलंय." चमचा खाली.

त्या दुपारी मी ओसरीच्या पायरीवर बराच वेळ बसलो. मला समजलं होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं. माझ्याकडे या जगात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. जमिनीच्या नोंदी काय, कोणीही ठेवेल. गुरुवारी मी पातेलं चढवलं, मांस तांबूस झालं, तपकिरी झालं, कॉफीच्या रंगाला आलं. एवढा सुंदर रंग मला क्वचितच साधला असेल. आणि मी आच मोठी करून बाजूला झालो. लहान मुलाला मुद्दाम चिमटा काढावा तसं मला वाटलं.

काठीचा आवाज आला. "परत? परत जाळलंस?"

"हो, पापा."

"सरक."

त्यानंतर मी रोज काहीतरी बिघडवू लागलो. एक दिवस भाताची खळ. एक दिवस मीठ दोनदा. भेंड्यांची मी जी अवस्था केली ती आठवून अजून झोप उडते. पापा रोज सरक म्हणायचे, मी सरकायचो, ते करायचे, चाखायचे, जेवायचे. व्हर्नाला सगळं समजलं होतं. ती भांडी पुसताना हळूच माझ्या पाठीवर हात ठेवायची.

पण पापा आता चर्चलाही येऊ लागले आणि तिथे त्यांनी भेटेल त्याला जावयाच्या स्वयंपाकाची कहाणी सांगितली. पुढच्या शनिवारी कॅम्पवर हॅडलीने माझ्या हातातला कलथा काढून घेतला. "वाईट वाटून घेऊ नको, ओविद. वय होतं माणसाचं. तू भांडी घास." मी बाहेर नळावर बसून बारा जणांची भांडी घासली, आतून येणारा कच्च्या कांद्याचा वास घेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी डॉक्टरांनी पापांना काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, त्यांना उतरवून परत उभं केलं. सहा पौंड वाढले होते.

"कमाल आहे, मिस्टर थेओजेन! काय केलंत?"

"करतो काय," पापा पट्टा सैल करत म्हणाले. "या जावयाला स्वयंपाक येत नाही. अजिबात येत नाही. मी मेलो तर माझी पोर उपाशी मरेल हो, डॉक्टर. मला आता मरून चालणार नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. ते दोनदा आमच्या कॅम्पवर जेवून गेलेत, दोन्ही वेळा त्यांनी पातेलं पुसून खाल्लं होतं. "खरंच?" त्यांनी विचारलं. "इतकं वाईट?"

व्हर्नाने माझा हात घट्ट धरला.

"वाईट नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "भयंकर."

"बघा," पापा थेओजेन म्हणाले, "निदान कबूल तरी करतो."